३९६ विजय, १ पराभव आणि मग सालिदो: लोमाचेंकोचा हौशी ते व्यावसायिक प्रवास

आडवाटेचा

वासिल लोमाचेंकोने जून २०२५ मध्ये निवृत्ती जाहीर केली तेव्हा जवळपास प्रत्येक बातमीत दोन आकडे होते. हौशी बॉक्सिंगमध्ये ३९६ विजय, १ पराभव. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये १८ विजय, ३ पराभव. पहिला आकडा वाचून डोळे विस्फारतात आणि दुसरा वाचून लोक विचारतात, "एवढंच?" माझं मत असं की हा माणूस समजून घ्यायचा तर दोन्ही आकडे जरा बाजूला ठेवावेत आणि १ मार्च २०१४ ची सॅन अँटोनियोची लढत पाहावी. हरला तो तिथे. पण हौशी बॉक्सिंगमधला राजा व्यावसायिक रिंगणात आला की नक्की काय काय बदलतं, हे त्या बारा फेऱ्यांत जितकं दिसतं तितकं दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

आधी थोडी पूर्वपीठिका. जन्म १९८८ चा, युक्रेनमधल्या बिल्होरोद-द्निस्त्रोव्स्की इथला. वडील अनातोली हेच प्रशिक्षक. मुलाची पावलं हलकी व्हावीत म्हणून बापाने त्याचं बॉक्सिंग थांबवून काही वर्षं चक्क पारंपरिक युक्रेनी नृत्य शिकायला पाठवलं. (पुढे भल्याभल्यांना तो समोर असून सापडायचा नाही, त्याची मुळं यात आहेत म्हणतात. मला हे पटतं.) २००७ साली शिकागोच्या जागतिक स्पर्धेत अंतिम फेरीत रशियाच्या अल्बर्ट सेलिमोवकडून हरला. तो एकमेव पराभव. त्याचं उट्टंही त्याने पुढे काढलं. २००८ ला बीजिंगमध्ये ५७ किलो गटात सुवर्ण आणि शिवाय स्पर्धेतल्या सर्वोत्तम बॉक्सरला मिळणारा वॅल बार्कर करंडक. २००९ ला मिलान आणि २०११ ला बाकू इथे जगज्जेता. २०१२ ला लंडनमध्ये ६० किलोत पुन्हा सुवर्ण. हौशी बॉक्सिंगमध्ये जिंकण्यासारखं काही शिल्लकच राहिलं नव्हतं.

आता महत्त्वाचा मुद्दा. त्या काळचं हौशी बॉक्सिंग म्हणजे बटणांचा खेळ होता. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये रॉय जोन्सला अंतिम लढतीत धडधडीत लुबाडलं गेलं. त्यानंतर १९९२ पासून संगणकी गुणपद्धत आली. पाच पंच, प्रत्येकापुढे बटणं. एका सेकंदाच्या आत किमान तिघांनी बटण दाबलं तरच ठोसा मोजला जाणार. याचा परिणाम काय झाला? जो ठोसा लांबून, स्वच्छ, डोक्यावर बसलेला दिसतो तोच मोजला जाऊ लागला. जवळ जाऊन बरगड्यांवर मारलेले ठोसे पंचांच्या बोटांपर्यंत पोचायचेच नाहीत. त्यामुळे एक अख्खी पिढी अशी घडली की ठोसा मारायचा, निसटायचं, पुन्हा मारायचं. लोमाचेंको या पिढीचा शिरोमणी. लढतही आटोपशीर, लंडनला तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या.

व्यावसायिक व्हायचं ठरल्यावर त्याने बॉब अ‍ॅरमच्या टॉप रँक या लढती भरवणाऱ्या कंपनीशी करार केला. सर्वसाधारणपणे ऑलिम्पिक विजेत्यालाही दोन-तीन वर्षं दुय्यम प्रतिस्पर्धी देत, फेऱ्या चार-सहा-आठ-दहा अशा वाढवत वर आणतात. या पठ्ठ्याला पहिलीच लढत विश्वविजेतेपदाची हवी होती! ते काही जमलं नाही. ऑक्टोबर २०१३ ला लास वेगासमध्ये होजे लुईस रामिरेझशी पहिली लढत झाली आणि त्याला त्याने चौथ्या फेरीत संपवलं. दुसऱ्या लढतीत मात्र थेट डब्ल्यूबीओ या जागतिक संघटनेचा फेदरवेट किताब, समोर ओर्लांदो सालिदो.

सालिदो कोण? मेक्सिकोचा, १९९६ साली कोवळ्या वयात व्यावसायिक झालेला, तोपर्यंत बारा वेळा हरलेला. कागदावर जोड अगदीच विजोड. पण बारा पराभव पचवलेल्या माणसाला जे येतं ते ३९६ विजयांत शिकायला मिळत नाही.

पहिला धडा रिंगमध्ये उतरायच्या आधीच मिळाला. गटाची मर्यादा १२६ पौंड. सालिदोचं वजन भरलं १२८¼. म्हणजे किताब त्याच्याकडून गेला, आता तो फक्त लोमाचेंको जिंकू शकत होता. वरवर पाहता याचा फायदाच की! पण वजन लढतीच्या आदल्या दिवशी करतात, ते उतरवण्याच्या ताणातून सालिदो सुटला आणि लढतीच्या रात्री तो १४७ पौंडांचा झाला होता, लोमाचेंको १३६. अकरा पौंडांचा फरक. हौशी स्पर्धेत रोज सकाळी वजन आणि मग लढत, त्यामुळे असं फुगायला वावच नसतो.

मग लढत. सालिदो पहिल्या फेरीपासून डोकं खाली घालून आत घुसत राहिला आणि पोटावर, कंबरेवर, कंबरेखाली मारत राहिला. हो, कंबरेखाली. पुन्हा पुन्हा. रेफरी लॉरेन्स कोलने एकही गुण कापला नाही. लोमाचेंकोला यावर उत्तर सुचेना, तो मिठी मारून वेळ काढत होता. पूर्वार्धातल्या बहुतेक फेऱ्या हातातून गेल्या. उत्तरार्धात हिशोब जुळायला लागला आणि बाराव्या फेरीत तर सालिदो पार हादरला, दोरांना टेकून, गळ्यात पडून कसाबसा उभा राहिला. अजून एक मिनिट असतं तर? पण नव्हतं. तीन पंचांचे गुण: ११६-११२ आणि ११५-११३ सालिदोच्या बाजूने, एक ११५-११३ लोमाचेंकोच्या बाजूने.

तीन महिन्यांनी, जून २०१४ मध्ये, त्याने तोच रिकामा किताब गॅरी रसेल ज्युनियरला हरवून घेतला. तिसऱ्याच लढतीत विश्वविजेता. रसेलही हौशी बॉक्सिंगमधलाच नावाजलेला, हातांचा विजेसारखा. पण त्या रात्री पोटावर कोण मारत होतं बघा. लोमाचेंको!

माझं म्हणणं एवढंच की ही घाई चूक नव्हती. दुय्यम लोकांशी वीस लढती खेळून जे कळलं नसतं ते सालिदोने एका रात्रीत शिकवलं. तुम्हाला काय वाटतं?

कोपरखळी

लेख आवडला, निष्कर्ष नाही आवडला.

सालिदोकडून "शिकला" हे आपण नंतर म्हणतो, कारण पुढे तो जिंकला. त्याच जागी दुसरा कुणी असता तर त्याचं करिअर तिथेच आटोपलं असतं. पीट राडेमाखरचं उदाहरण घ्या. १९५६ चा ऑलिम्पिक हेवीवेट विजेता. १९५७ साली त्याची पहिलीच व्यावसायिक लढत थेट विश्वविजेत्या फ्लॉइड पॅटरसनशी. दुसऱ्या फेरीत त्याने पॅटरसनला खाली पाडलंसुद्धा. सहाव्या फेरीत स्वतः नॉकआऊट. त्यानंतर त्याला विश्वविजेतेपदाची संधी पुन्हा मिळाली नाही. घाईची किंमत अशी असते.

मृण्मयी_क

वाचतेय. मस्त धागा. बॉक्सिंगमधलं ओ की ठो कळत नाही तरी एका दमात वाचला. एक बाळबोध शंका: हौशी आणि व्यावसायिक म्हणजे टी-ट्वेंटी आणि कसोटी असं समजायचं का?

आडवाटेचा

@मृण्मयी_क, फेऱ्यांच्या लांबीपुरतं चालेल. पण क्रिकेटमध्ये दोन्हीकडे धाव ती धावच. इथे त्या काळी "काय मोजायचं" हेच वेगळं होतं. व्यावसायिक लढतीत तीन पंच प्रत्येक फेरीला गुण देतात, फेरी जिंकणाऱ्याला १० आणि दुसऱ्याला बहुधा ९. त्यात ठोशाचा जोर, कोण पुढाकार घेतोय, कोण कुणाला मागे रेटतोय हे सगळं धरतात. शिवाय डोक्यावर हेडगार्ड नाही, अंगात बनियन नाही, आणि १४७ पौंडांपर्यंतच्या गटांत हातमोजे आठ औंसांचे. हौशी गटात दहाचे असतात. मोजा पातळ झाला की तोच ठोसा वेगळा लागतो, आणि त्याच मोज्यांनी बचाव करताना झाकलंही कमी जातं.

रानवारा

थोडी भर. संगणकी पद्धत २०१३ मध्ये गेली, हौशी बॉक्सिंगमध्येही आता फेरीला दहा गुणांची पद्धत आहे. त्याच वर्षी पुरुषांच्या मोठ्या स्पर्धांमधून हेडगार्डही काढलं. आणि २०१६ च्या रिओपासून व्यावसायिकांना ऑलिम्पिकचे दरवाजे उघडे झाले. म्हणजे लोमाचेंको ज्या दरीवरून उडी मारून गेला ती दरी आता बरीच बुजलीय. आजच्या पोरांना तेवढं मोठं स्थित्यंतर करावं लागत नाही.

आणि मुळात त्याची ती "दुसरी" लढत दुसरी होती का, हाच वाद आहे. २०१३ मध्ये तो वर्ल्ड सिरीज ऑफ बॉक्सिंगमध्ये सहा लढती खेळला होता. तीन मिनिटांच्या पाच फेऱ्या, हेडगार्ड नाही, बनियन नाही, वर पैसे मिळतात. हे हौशी कसं?

कोपरखळी

+१. पैसे घेतले, उघड्या डोक्याने खेळला, म्हणजे व्यावसायिकच. मग "तिसऱ्या लढतीत विश्वविजेता" हा विक्रम नवव्या लढतीत जातो की हो!

आडवाटेचा

हा वाद जुना आहे आणि मला त्यात फार रस नाही. पाच फेऱ्या आणि बारा फेऱ्या यांतलं अंतर पैशाने भरून निघत नाही. सहाव्या फेरीत पाय कसे होतात हे पाच फेऱ्यांच्या लढतीत कळणार कसं?

आणि विक्रमाचंच बोलायचं तर थायलंडच्या साएनसाक मुआंगसुरिनने १९७५ सालीच तिसऱ्या लढतीत किताब घेतला होता. तो मुए थाय या थाई किकबॉक्सिंगमधून आलेला, तिथल्या लढती यात धरत नाहीत. तेव्हा मोजणी कुठून सुरू करायची हा घोळ लोमाचेंकोपासूनचा नाही.

चहाबाज

कोपरखळी भाऊ, राडेमाखरचं उदाहरण काढलंत तर लिऑन स्पिंक्सचं पण काढा. १९७६ मॉन्ट्रियलचा सुवर्णविजेता, फेब्रुवारी १९७८ मध्ये आठव्या व्यावसायिक लढतीत साक्षात मुहम्मद अलीला हरवलं. घाई करून जिंकणारेही आहेत.

कोपरखळी

आणि सात महिन्यांनी अलीने परत हरवलं, तेही सांगा की. स्पिंक्सच्या नंतरच्या कारकिर्दीबद्दल न बोललेलंच बरं.

माझा मुद्दा सोपा आहे. लोमाचेंकोच्याच देशातला, त्याच्याच बरोबर लंडनला सुवर्ण जिंकलेला, त्याच्याच वडिलांच्या हाताखाली तयारी केलेला उसिक घ्या. नोव्हेंबर २०१३ ला व्यावसायिक झाला, म्हणजे लोमाचेंकोच्या पाठोपाठच. पण पायरी पायरीने. दहाव्या लढतीत, २०१६ मध्ये, क्रूझरवेटचा (हेवीवेटच्या खालचा गट) पहिला किताब. २०१८ मध्ये चारही संघटनांचे किताब. मग हेवीवेटला गेला आणि मे २०२४ मध्ये टायसन फ्युरीला हरवून तिथलेही चारही. एकही पराभव नाही. एकच शाळा, दोन वेगवेगळे वेग. निकाल तुमच्यासमोर आहे.

रानवारा

उसिकची तुलना दिसायला चोख आहे पण एक गोष्ट सुटतेय. उसिक सव्वासहा फुटांच्या आसपासचा, वजन वाढवायला अंगात जागा. लोमाचेंको १३५ पौंडांच्या लाइटवेट गटात गेला तेव्हा तो तिथल्या लोकांपेक्षा अंगाने लहान होता. त्याचे नंतरचे दोन पराभव, २०२० ला तेओफिमो लोपेझ आणि २०२३ ला डेव्हिन हेनी, दोन्ही त्या गटातले, दोघेही अंगापिंडाने मोठे आणि वयाने बरेच तरुण. सालिदो प्रकरणाचा या दोन्हींशी संबंध लावता येत नाही.

मृण्मयी_क

वजनाचं काही कळलं नाही. सालिदोचे जवळजवळ एकोणीस पौंड एका दिवसात कसे वाढले?? आम्हाला एक कमी करायला महिना लागतो :D

चहाबाज

ताई, वाढत नाहीत, परत येतात. बॉक्सर मुळात त्या गटापेक्षा जड असतो. शेवटच्या आठवड्यात मीठ बंद, मग पाणी कमी करत आणायचं, प्लास्टिकचा सूट घालून दोरीउड्या, गरम पाण्याचा टब, सौना. शेवटी शेवटी तर तोंडात थुंकीही राहत नाही, च्युइंगगम चघळून ती आणतात आणि बाटलीत थुंकतात, तेवढंच दोन-चार औंस कमी. आदल्या दिवशी काट्यावर उभं राहिलं की लगेच क्षारांचं पाणी, भात, फळं. चोवीस तासांत अंगातलं पाणी भरून येतं. सालिदोने शेवटचा हा छळच टाळला, सव्वादोन पौंड जास्तच राहू दिले. जो माणूस मर्यादेपर्यंत स्वतःला पिळून काढतो तो दुसऱ्या दिवशी पूर्ण सावरलेला नसतो. न पिळलेला असतो.

सगळेच टोकाला जातात असं नाही, पण हा धोक्याचा प्रकार आहे. अंगातलं पाणी कमी असताना डोक्याला मार बसणं फार वाईट.

उन्हाळी_पाखरू

विजेंदरचं नाव अजून कुणी घेतलं नाही म्हणून मी घेते. २००९ च्या ज्या मिलान स्पर्धेत लोमाचेंको सुवर्ण जिंकला तिथेच विजेंदरला ७५ किलोत कांस्य मिळालं होतं, आणि बीजिंगला तर दोघंही पदकविजेते. विजेंदर व्यावसायिक झाला ऑक्टोबर २०१५ मध्ये मँचेस्टरला, तिशीला टेकताना. जुलै २०१६ ला दिल्लीत केरी होपला हरवून डब्ल्यूबीओचा आशिया पॅसिफिक किताब, २०१७ ला वरळीत चीनच्या मैमैतियालीवर विजय. ओळीने बारा लढती जिंकला आणि मार्च २०२१ मध्ये गोव्यात आर्तिश लोपसानकडून हरला. हा कोपरखळींचा "पायरी पायरीने" मार्गच आहे ना? पण या पायऱ्या विश्वविजेतेपदाच्या लढतीपर्यंत गेल्याच नाहीत.

कोपरखळी

पायऱ्या चढायला वय लागतं. तिशीत सुरुवात केली तर जिना संपायच्या आत गुडघे बोलायला लागतात. हा दोष जिन्याचा नाही.

आडवाटेचा

@उन्हाळी_पाखरू, फार चांगला मुद्दा, आणि कोपरखळींच्या उत्तरातच माझं उत्तर आहे. लोमाचेंको व्यावसायिक झाला तेव्हा पंचवीस वर्षांचा होता आणि हौशी लढतींची जवळजवळ चारशेची झीज अंगावर. उसिकसारखी अंगात वाढायची सोयही नाही. म्हणजे घड्याळ चालू होतं. अशा माणसाने वीस लढती रेकॉर्ड सजवण्यात घालवायच्या का? आपल्या विकास कृष्णनने तर २०१९ मध्ये दोन व्यावसायिक लढती जिंकल्या आणि टोकियो ऑलिम्पिकसाठी परत हौशीत आला. तोही हिशोबच. प्रत्येकाला आपलं घड्याळ बघून ठरवावं लागतं. निशांत देव जानेवारी २०२५ मध्ये लास वेगासला पहिली लढत पहिल्याच फेरीत जिंकला, वय चोवीस. त्याला पायऱ्या परवडतात.

बाकी घाईचा फायदा काय झाला ते लाइटवेट विजेता होर्हे लिनारेसच्या लढतीत बघा. मे २०१८, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. लोमाचेंकोची अवघी बारावी लढत, तिसरा वजनगट. सहाव्या फेरीत लिनारेसच्या उजव्या ठोशाने खाली पडला. नऊ फेऱ्यांनंतर तीन पंचांचे कागद असे: एक लिनारेस ८६-८४, एक लोमाचेंको ८६-८४, एक ८५-८५. शिवाय उजवा खांदा दुखावलेला. आणि दहाव्या फेरीत डोक्यावर ठोशांची सरबत्ती करता करता मध्येच एक डावा थेट यकृतावर. लिनारेस खाली बसला आणि लढत तिथेच संपली. संगणकी पद्धतीत हा ठोसा कुणी मोजलाही नसता. हे त्याला हौशी बॉक्सिंगने शिकवलेलं नाही.

रानवारा

यकृतावरचा ठोसा त्याला आधीपासून येत होता हो. सालिदोच्या बाराव्या फेरीत पण पोटावरच मारून हलवलं होतं. फक्त तो ठोसा पहिल्या फेरीपासून मारायचा असतो हे नंतर कळलं.

तरी एक गोष्ट तो कधीच शिकला नाही. लवकर सुरुवात करणं! सालिदोसमोर अर्धी लढत अंदाज घेण्यात गेली. लोपेझसमोर तर पहिल्या सहा-सात फेऱ्यांत ठोसेच मोजके. एका पंचाने ११९-१०९ दिले ते जास्तच झालं, पण लढत लोपेझचीच होती. गंमत अशी की तीन फेऱ्यांच्या खेळातून आलेला माणूस सुरुवातीलाच तुटून पडायला हवा ना?

आडवाटेचा

उलट. तो आधी समोरच्याचं वाचन करतो, मग उघडतो. हौशीत बहुतेक प्रतिस्पर्धी इतके खालचे असायचे की वाचन एका मिनिटात आटपायचं. सालिदो, लोपेझ वाचायला सहा फेऱ्या लागल्या. २०१६-१७ मध्ये ओळीने चार जण, वॉल्टर्स, सोसा, मारियागा, रिगोन्डो, स्टुलावर बसले ते पुढच्या फेरीला उठलेच नाहीत. त्यातला रिगोन्डो तर स्वतः दोन ऑलिम्पिक सुवर्णांचा धनी. त्या काळात वाचन लवकर व्हायचं.

उन्हाळी_पाखरू

रिगोन्डो दोन गट खालून वर आला होता, ते पण लिहा. अकरा पौंडांवरून सालिदोवर एवढं तोंडसुख घेतलंत, मग इथेही तोच न्याय लावा.

कोपरखळी

:D :D याला म्हणतात लिव्हर शॉट.

आडवाटेचा

लावतो ना. फरक एवढाच की रिगोन्डोने तो गट मान्य करून सही केली होती आणि लोमाचेंकोचं वजन काट्यावर मर्यादेत होतं. सालिदोने सही १२६ वर केली आणि आला १२८¼ ने. पण हो, रिगोन्डोवरच्या विजयाला मी फार वजन देत नाही.

मृण्मयी_क

आता मला एकच लढत बघायची असेल तर कुठली बघू? सालिदो की लिनारेस?

चहाबाज

लिनारेस आधी. मग सालिदो बघा, पण शेवटच्या दोन फेऱ्या सोडून कंटाळा येईल हे सांगून ठेवतो, नुसत्या मिठ्या आहेत.

रानवारा

मी तर म्हणेन मे २०२४ ची पर्थमधली जॉर्ज कंबोसोसविरुद्धची बघा. छत्तिसाव्या वर्षी, अकराव्या फेरीत थांबवलं आणि आयबीएफ या दुसऱ्या जागतिक संघटनेचा किताब घेतला. शेवटची लढत ती. आणि पोटावर पहिल्या फेरीपासून मारलंय.